लोकरी मावा : 2002 ची आठवण

काल आडसालीत फिरताना एका पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेला धरून, पांढरा पट्टा दिसला. पोरगा म्हणाला बुरशी असंल. आमच्या वयाच्या ऊसवाल्याच्या मात्र असा पट्टा बघून अजून पोटात गोळा येतो.

हा मावा मुळात आपल्याकडचा नव्हे. 1897 साली झेन्टनर या शास्त्रज्ञाने जावा बेटावरून त्याचं वर्णन केलं. भारतात पश्चिम बंगालमध्ये त्याची नोंद 1958 ची, पुढं ईशान्येकडंही होता. दक्षिणेतल्या उसाला त्याची ओळख नव्हती. जुलै 2002 मध्ये तो आपल्या सांगली जिल्ह्यात सापडला आणि त्याच वर्षी कर्नाटकातही गेला.

पहिल्यांदा आम्ही सगळे चक्रावलो. उसात शिरलं की डोकं, कपडे पांढरे व्हायचे. खालच्या पानांवर चिकट गोड पाणी गळायचं, त्यावर काळी बुरशी चढायची, पानं काजळी फासल्यागत दिसायची. याच्या माद्या नराशिवाय थेट जिवंत पिल्लंच घालतात, त्यामुळं आठवड्यात पट्ट्याचं पान भरायचं आणि पानाचं रान.

मग फवारण्या. बारा-तेरा फुटी, लोळलेल्या उसात पंप घेऊन कधी शिरून बघा, म्हणजे कळंल. मावा पानाच्या खाली, औषध वरून. आबांनी आणि मी भुकटी धुरळली, फवारलं, परत फवारलं. आठ दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा पांढरं. डोळ्यांची आग व्हायची ती वेगळीच.

त्यात दुष्काळ. वैरण कुठंच नव्हती. ताईच्या सासरी जनावरं उपाशी म्हणून मी ट्रॉली भरून वाडं पोचवलं, आमच्याच पांढऱ्या झालेल्या उसाचं. तेव्हा शेतकी खात्याचे लोक सांगतच होते, की बाधित रानातलं वाडं, बेणं बाहेर नेऊ नका. मी ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात दाजींच्या उसात मावा दिसला. पंखवाला मावा वाऱ्यावरही जातो, त्यामुळं तो आमच्याच ट्रॉलीतून गेला असं छातीठोक सांगता येत नाही. दाजींनीही कधी बोलून दाखवलं नाही. पण ती ट्रॉली माझ्या डोक्यातून जात नाही.

राज्याचं साखर उत्पादन 2002-03 मध्ये 62 लाख टनांच्या आसपास होतं, पुढच्या हंगामात ते जवळपास निम्म्यावर आलं. सगळा दोष माव्याचा नाही, पाणीच नव्हतं.

आता खरी गोष्ट. शेजारच्या म्हातारबांकडं औषधाला पैसे नव्हते. त्यांनी एकदाही फवारलं नाही, आम्ही त्यांना हसत होतो. त्यांच्या पानांवर माव्यात बारीक जाळी दिसायला लागली, आत हिरवट-करड्या अळ्या. आम्हाला वाटलं आणखी एक कीड आली. ती होती डिफा, माव्यावरच जगणारी अळी. सोबत मायक्रोमस, त्याचीही पिल्लं मावाच खातात. आम्ही फवारून माव्याबरोबर ह्यांनाही मारत होतो, म्हातारबांच्या रानात ते वाढत होते. त्यांचं रान आमच्या आधी साफ झालं.

पुढं कृषी विद्यापीठं, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कारखान्यांनी हेच धरलं. हेक्टरी 1000 डिफाच्या अळ्या किंवा कोष सोडा, आणि सोडल्यावर फवारणी बंद. आसामातून एन्कार्सिया ही बारीक गांधीलमाशीसारखी माशीही आणली, ती माव्याच्या अंगात अंडी घालते. आम्ही म्हातारबांच्याकडून डिफा असलेली पानं कापून आणली आणि टाचण्यांनी आमच्या पानांना लावली. ज्यांना हसलो त्यांच्याच बांधावर हात जोडून उभं राहायला लागलं. त्यांनी चहा पाजून पानं दिली.

मावा कायमचा गेला नाही. पावसाळ्यात, ढगाळ दमट हवेत अजून कुठं कुठं दिसतो, पण त्याचे खाणारेही आता रानातच असतात. काल सापडलेलं पान मी भिंग घेऊन बघितलं. जाळी आहे, आत दोन अळ्या आहेत. पोराला सांगितलंय, पंप बाहेर काढू नको, ह्या पानाला खुणेची चिंधी बांध. चार दिवसांनी परत बघायला जाणार आहे.