लॅटिन गेली कुठे? गोव्यातल्या एका परंपरानिष्ठ कॅथलिकाच्या निमित्ताने

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी इतिहासाचा पदवीधर नाही. तीस वर्षं पूल आणि रस्ते बांधण्यात गेली. इतिहासाचा नाद पन्नाशीत लागला, आणि तो स्वतःच वाचून, माणसांना विचारून वाढवला. त्यामुळे माझी सवय इंजिनिअरची आहे. पाया घालण्याआधी बोअर मारायचा, खालून काय काय निघतं ते थराथरानं लिहून काढायचं, आणि मगच बोलायचं. या टिपणातही तेच केलं आहे. फक्त इथे जमीन म्हणजे सासष्टीतल्या एका म्हाताऱ्याची प्रार्थना आहे.

आमच्या वाड्याच्या टोकाला एक पांढरा खुरीस आहे. मे महिन्यात तिथे संध्याकाळी लादाईन होते. मेणबत्त्या लागतात, खुरसाला अबोलीच्या माळा पडतात, एक व्हायोलिन येतं आणि मरियेची लिटनी सुरू होते. एकेक उपाधी पुढचा माणूस गातो आणि 'आमच्यासाठी विनंती कर' या अर्थाचा प्रतिसाद सगळे देतात. शेवटी उकडलेले चणे, आणि मोठ्या माणसांसाठी थोडी फेणी. आम्ही हिंदू शेजारीही जातो. लहानपणापासून जातो, खरं तर चण्यांसाठी जायचो. त्या प्रार्थनेची भाषा लॅटिन आहे हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. मला ती 'खुरसाकडची भाषा' वाटायची.

ही लादाईन आमच्याकडे मेस्त चालवतात. मेस्त म्हणजे इगर्जीतल्या गायकांना शिकवणारा, पोर्तुगीज 'मेश्त्री'वरून आलेला शब्द. यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. एकदा मी त्यांना विचारलं, "मेस्त, इगर्जीत मीस कोंकणीतून, मग इथे लॅटिन कशी?" ते हसले आणि म्हणाले, "बाब, तिका वेदीवयल्यान काडली, ती हांगा येवन रावली." म्हणजे तिला वेदीवरून काढली, ती इथे येऊन राहिली. हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून खोदायला घेतलं.

वरचा थर : १९६२ ते १९६९

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर दहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा ११ ऑक्टोबर १९६२ ला रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. ती ८ डिसेंबर १९६५ ला संपली. मेस्त तेव्हा वेदीपाशी फादरना मदत करणारे पोर होते. एका गोमंतकीय कॅथलिक मुलाच्या आयुष्यात चार वर्षांत राज्य बदललं, शाळेची भाषा बदलली आणि पाठोपाठ देवाशी बोलायची भाषाही बदलली. यातल्या पहिल्या दोन बदलांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. तिसऱ्यावर फारसं कोणी लिहीत नाही.

जुन्या मिसेत फादर आणि लोक एकाच दिशेला, वेदीकडे, तोंड करून असत. 'फादर लोकांकडे पाठ करायचे' असं आज म्हटलं जातं. पण आपल्या देवळात पुजारी पूजा करताना कुठे तोंड करतो? त्याची पाठ दिसली म्हणून आपल्याला कधी अपमान वाटला नाही. मुख्य प्रार्थना लॅटिनमध्ये, त्यातल्या काही अगदी हळू आवाजात. प्रवचन मात्र लोकांच्या भाषेत व्हायचं आणि कोंकणी भक्तिगीतंही होतीच. साठच्या दशकात टप्प्याटप्प्यानं लोकभाषा आल्या. ३ एप्रिल १९६९ ला पोप पॉल सहावे यांनी नवी मीस जाहीर केली आणि त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपासून ती लागू झाली.

इथे मला एक गोष्ट सापडली, जी मेस्तांनाही नवी होती. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेविषयीच्या परिषदेच्या दस्तऐवजात लॅटिन काढून टाका असं कुठेच म्हटलेलं नाही. उलट लॅटिनचा वापर टिकवावा, लोकभाषेला जागा द्यावी, आणि लोकांनाही आपापल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्ये म्हणता यावेत, असं आहे. ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्या असंही आहे. ड्रॉइंगमध्ये खिडकी आणि दार दोन्ही होतं, साइटवर फक्त दार बसलं. असं होतं, आम्ही पाहिलंय.

मधला थर : १५७०

आता 'जुनी मीस' म्हणजे किती जुनी? पोप पायस पाचवे यांनी १४ जुलै १५७० ला जी मीस सगळीकडे एकसारखी केली, ती ही. तिच्या प्रार्थना त्याहून कितीतरी जुन्या आहेत, पण हा साचा त्या तारखेचा. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. म्हणजे गोव्यातली पहिली साठ वर्षं या साच्याच्याही आधीची.

या थरातूनच गोव्याचं संगीत निघालं. गावोगावच्या इगर्जीच्या शाळांत मेस्त मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे, कारण लॅटिन मीस गायला गायक लागत. कोरजमात, म्हणजे लेंटच्या दिवसांत, म्हणायचे मोतेत गोमंतकीयांनी स्वतः रचले. शब्द लॅटिन, पण चालीतली हुरहुर ऐकली की कळतं, ही आपल्याच मातीतली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच घरातले, त्यांचे वडील इगर्जीत गायनमास्तर होते. मुंबईत या अँथनींनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं नाव ही शिष्यानं गुरूला दिलेली दक्षिणा. म्हणजे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा एक पाया लॅटिन मिसेत आहे.

खालचा थर : १६१६ आणि १६८४

वर्षं पुढची असली तरी हा थर मी खालचा म्हणतो, कारण तो गाडला गेलेला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. नवख्रिस्ती लोकांनी पुराण मागितलं आणि त्यानं ते ओवीत दिलं. ते भाविकांपुढे वाचलं जायचं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. मग २७ जून १६८४ ला व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यानं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. बोली काही सुटली नाही, पण या साहित्याचा ओघ आटला. 'क्रिस्तपुराण' पुन्हा छापलं गेलं ते १९०७ मध्ये, आणि तेही मंगळूरला, हस्तलिखितांवरून.

तेव्हा लोकभाषेत देवाचं गाणं म्हणणं ही १९६५ ची नवलाई नव्हे. गोव्यात तीही परंपराच होती, आणि ती बंद पाडणारे स्वतःला परंपरेचे रक्षक म्हणवत होते. वसईच्या मराठी मिसेला किंवा गोव्याच्या कोंकणी मिसेला 'आधुनिक' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा बोअर एकदा पाहावा.

तिढा

हे सगळं मी मेस्तांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं बरोबर असेल बाब. पण मी सोळाशे सोळात नव्हतो. मी त्या मिसेत होतो."

इथे माझा बोअर लॉग थांबला. आपण थर मोजतो, पण माणूस एकाच थरावर उभा असतो. आपल्याकडचं उदाहरण घ्या. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. पण घरच्या पूजेत भटजींनी संकल्प मराठीतून सांगितला तर आजीला चुकल्यासारखं वाटतंच. शब्द कळत नव्हते हे खरं. पण तिच्या आईच्या आणि आजीच्या कानावरही तेच शब्द पडले होते, हेही तितकंच खरं.

परंपरानिष्ठ कॅथलिकाची अडचण याहून अवघड आहे. पोप आणि बिशप यांचं ऐकणं हाच मुळी त्याच्या परंपरेचा कणा आहे. मग पोपनंच परंपरा बदलली तर त्यानं काय करायचं? फ्रान्सचे आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी विरोधाची वाट धरली. १९७० मध्ये त्यांनी स्वतःचा पाद्रीसंघ काढला आणि ३० जून १९८८ ला पोपची आज्ञा मोडून चार बिशप अभिषिक्त केले. त्यावर बहिष्कृतीची घोषणा झाली. त्या चार बिशपांवरची बहिष्कृती २००९ मध्ये उठवली गेली. दुसरीकडे रोमनंही दार कधी किलकिलं केलं, कधी लोटलं. १९८४ मध्ये मर्यादित परवानगी, ७ जुलै २००७ ला पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्याकडून मोकळीक, आणि १६ जुलै २०२१ ला पोप फ्रान्सिस यांच्याकडून पुन्हा निर्बंध. जुन्या मिसेच्या आडून काही गट परिषदच नाकारू लागलेत, त्यामुळे एकीला धक्का बसतो, हे फ्रान्सिस यांचं कारण. तेही हलकं नाही.

आणखी एक बाजू लपवायला नको. जुनं ते सगळं सोनं नव्हतं. काही गावांत कोणी कुठल्या कोंफ्रारीत असावं, फेस्ताला कोणाच्या अंगावर लाल मुर्स असावी, हे जात ठरवायची. तेही 'परंपरा' म्हणूनच चालायचं. मेस्तांना मी हे विचारलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "तें गेलें तें बरें जालें." जुन्यातलं काय जावं आणि काय राहावं याचा हिशेब त्यांच्यापाशी माझ्याहून चोख आहे.

मेस्त संघाबिंघात नाहीत. दर आयतारी कोंकणी मिसेला जातात, पुढच्या बाकावर बसतात, फादरांशी कधी वाद घालत नाहीत. लॅटिन त्यांनी जिथे कोणी अडवत नाही तिथे नेऊन ठेवली आहे. कोरजमात मोतेत, मे महिन्यात लादाईन. बंडही नाही, शरणागतीही नाही. आधुनिक चर्चमध्ये परंपरेनं कसं राहावं, याचं मी पाहिलेलं हे एक उत्तर. ते कुठल्या दस्तऐवजात सापडायचं नाही.

आपण आणि ते

आता थोडं आपल्या मंडळाविषयी. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये जुनी मीस वाचवण्यासाठी पोपकडे एक अर्ज गेला. सह्या करणाऱ्यांत अगाथा ख्रिस्ती होत्या, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन होते. पुष्कळ जण कॅथलिक नव्हतेच. संस्कृतीचा ठेवा म्हणून त्यांना ती हवी होती. पोपनं इंग्लंडपुरती परवानगी दिली. ही गोष्ट वाचून मला आनंद झाला आणि मी मेस्तांकडे धावलो. आमचं मंडळ त्यांची मोतेतांची हस्तलिखित वही स्कॅन करू इच्छितं हेही सांगितलं.

त्यांनी वही दिली. कापडी बांधणी, वाळवी लागलेले कोपरे, वडिलांच्या हातची स्वरलिपी. देताना म्हणाले, "तुका तें सांबाळपाचें, म्हाका तें म्हणपाचें." तुला ते जपायचंय, मला ते म्हणायचंय. आणि मग, "वही उरतली. पूण गायतलो कोण?"

प्रश्न नुसता हळवा नाही, हिशेबाचाही आहे. गोव्यातलं हे गाणं दोन आवाजांत चालतं. पहिला आवाज चाल धरतो, दुसरा त्याला समांतर जातो. एकट्यानं म्हटलं तर ते अर्धंच राहतं. मेस्तांचा दुसरा आवाज म्हणजे त्यांचा बालपणीचा दोस्त. तो दोन वर्षांपूर्वी गेला. गेल्या वर्षी मे महिन्यात मेस्त एकटेच गायले. आम्ही सगळे उभे होतो, प्रतिसाद दिला, चणे खाल्ले. कोणी काही बोललं नाही.

या वर्षी शेजारच्या घरातला एक मुलगा त्यांच्या बाजूला उभा राहिला. कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो, इगर्जीत गिटार वाजवतो. आम्ही स्कॅन केलेलं पान त्यानं मोबाइलवर उघडलं होतं. दुसऱ्या ओळीवर तो घसरला. मेस्तांनी गाणं थांबवलं, कमानीनं त्याच्या मोबाइलवरच्या एका सुरावर बोट ठेवल्यासारखं केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागे उभी असलेली पोरं कुजबुजायला लागली, कारण चणे निवत होते.