पडण्याची तालीम

शाळेच्या क्रीडा नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. काही वर्षांपूर्वी एका मल्लखांबपटू मुलाच्या नावापुढे त्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिले होते : ‘पाठीच्या दुखापतीमुळे खेळ सोडला.’ मुलगा जिल्हा पातळीपर्यंत पोहोचलेला होता. त्याचे पुढे काय करावे हे ना मला सुचले, ना क्रीडाशिक्षकांना. शेरा लिहिला, वही मिटली.

१९ ऑगस्ट २०२१ रोजी जपानी अभिनेते शिनिची चिबा करोनाच्या आजारात वारले. वय ८२. आमच्या पिढीला ते ‘सनी चिबा’ या अमेरिकी नावाने ठाऊक. ब्रूस लीच्या कॅसेटी पाहून झाल्या की व्हिडिओवाला जी कॅसेट पुढे सरकवायचा, तीवरचा दात-ओठ खाणारा माणूस. त्यांच्या निधनानंतर कुतूहलाने त्यांचे चरित्र चाळू लागलो आणि एका ठिकाणी थबकलो. तोच शेरा तिथेही होता. पाठीची दुखापत, खेळ सुटला. फरक एवढाच, की तिथे वही मिटली नव्हती.

चिबा यांचे मूळ नाव सादाहो माएदा. जन्म जानेवारी १९३९, क्यूशू बेटावरील फुकुओका शहरात. वडील लष्करी वैमानिक. त्यांच्या बदलीमुळे कुटुंब तोक्योजवळच्या चिबा प्रांतात, किमित्सू या गावी आले आणि मुलगा तिथेच वाढला. पुढे पडद्यावर जे आडनाव झळकले, ते या प्रांताचेच नाव.

सादाहोचे शाळकरी वय म्हणजे जपानच्या पराभवाचा काळ. १९४५ ते १९५२ अशी सात वर्षे देश अमेरिकेच्या लष्करी अमलाखाली होता. शाळांमधून युद्धकलांचे शिक्षण बंद झाले होते. तलवारीच्या चित्रपटांवरही कडक निर्बंध होते, कारण त्यांतून सरंजामी निष्ठा जोपासली जाते असा नव्या राज्यकर्त्यांचा समज. हरलेल्या देशाला मान वर करायला जी थोडी मैदाने मोकळी राहिली, त्यांत जिम्नॅस्टिक्स हे एक मोठे मैदान ठरले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये जपानच्या पुरुष संघाने सांघिक सुवर्णपदक जिंकले आणि १९७६ पर्यंत सलग पाच ऑलिंपिक ते कुणाला हिरावू दिले नाही.

या लाटेवर स्वार होण्याच्या जिद्दीने सादाहो १९५७ मध्ये तोक्योच्या क्रीडा महाविद्यालयात दाखल झाला. डोळ्यांसमोर ऑलिंपिक होते. पण पाठ दुखावली आणि ते स्वप्न तिथेच संपले. बरोबरीची मुले पुढे सुवर्णपदके गळ्यात घालत होती, त्या वर्षांत हा विशीतला तरुण दुसरी वाट शोधत होता.

वाट सापडली ती तोएई या चित्रपट कंपनीत. १९५१ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी होतकरू नटांची दरवर्षी निवड करी. तीत त्याचा क्रमांक लागला आणि १९६० मध्ये तो छोट्या पडद्यावर आला. १९६१ मध्ये किंजी फुकासाकू यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटात नायकाची भूमिका मिळाली. फुकासाकू पुढे जपानचे नामवंत दिग्दर्शक झाले आणि दोघांची जोडी अनेक वर्षे टिकली.

याच सुमारास त्यांना गुरू भेटले, मासुतात्सु ओयामा. ‘क्योकुशिन’ या कराटे-संप्रदायाचे हे संस्थापक. त्यांच्या कराटेत प्रहार हवेत थांबवायचा नाही, समोरच्याच्या अंगावर खराखुरा करायचा. ओयामांचा जन्म १९२३ चा, कोरियातला. त्या वेळी कोरिया जपानच्या ताब्यात होता. मूळ नाव वेगळे, मातृभाषा वेगळी, पण हा माणूस जपानी युद्धकलेचा आचार्य झाला. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे हे उदाहरण. चिबांनी १९६५ मध्ये त्यांच्याकडून काळा पट्टा मिळवला, आणि दहा वर्षांनी, १९७५ पासून, तीन चित्रपटांत आपल्या या गुरूचीच भूमिका केली.

खरी लोकप्रियता मिळाली ती ‘की हंटर’ या दूरचित्रवाणी मालिकेने. १९६८ ते १९७३ अशी पाच वर्षे ती चालली. धावत्या वाहनांवरच्या उड्या, उंचावरून झेप, सारे चिबा स्वतः करीत. इतर कोणी असता तर या यशावर समाधान मानून बसला असता. चिबांना मात्र वेगळीच गोष्ट खुपत होती. नायकाच्या एका ठोशाने दहा माणसे कोसळतात; नायकाचे नाव भिंतींवर लागते, कोसळणाऱ्याचे कुठेच नाही. वास्तविक ठोसा खरा वाटतो तो मारणाऱ्यामुळे कमी आणि पडणाऱ्यामुळे अधिक. ज्याला पडता येत नाही तो एक तर खोटा दिसतो, नाही तर जायबंदी होतो. आणि जायबंदी होणे म्हणजे काय, हे चिबांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९७० मध्ये, मालिका भरात असताना, त्यांनी ‘जपान ॲक्शन क्लब’ काढला.

आपल्याकडे ‘तालीम’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पैलवान जिथे घुमतात ती तालीम, आणि नाटक उभे राहण्याआधी होते तीही तालीम. चिबांची संस्था या दोन्ही अर्थांनी तालीम होती आणि ते स्वतः तिचे वस्ताद. तिथे जिम्नॅस्टिक्स होते, कराटे होते, तलवार होती, उंचीवरून सुरक्षित पडण्याचा सराव होता, आणि या सगळ्याबरोबर अभिनय होता. अंगमेहनत करणारा आणि अभिनय करणारा अशी दोन माणसे वेगळी का असावीत, हा त्यामागचा प्रश्न होता. या तालमीतून एत्सुको शिहोमी ही तरुणी पुढे आली. १९७४ मध्ये ती स्वतंत्र नायिका म्हणून मारधाडीच्या चित्रपटात उभी राहिली. नायिकेने किंकाळी फोडायची आणि नायकाने धावत यायचे, हा रिवाज तिने मोडला.

त्याच १९७४ मध्ये चिबांचा ‘द स्ट्रीट फायटर’ आला. आदल्या वर्षीच्या जुलैत ब्रूस ली गेले होते आणि जगभरचा प्रेक्षक त्यांची रिकामी जागा भरणाऱ्याच्या शोधात होता. न्यू लाइन सिनेमा या कंपनीने हा चित्रपट अमेरिकेत नेला, ‘सनी’ हे नाव दिले, आणि निव्वळ हिंसेमुळे तिथे त्याला ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळाले. एका प्रसंगात तर प्रहारासरशी कवटी फुटताना क्ष-किरण छायाचित्रासारखी दिसते! मुख्याध्यापक या नात्याने सांगायचे तर शाळेच्या सभागृहात मी हा चित्रपट कधीही दाखवणार नाही. त्यातला नायक पैशासाठी कुणालाही मारणारा आहे. चिबांच्या नावावरचे अनेक चित्रपट या जातीचे आहेत, हे झाकून त्यांचे गुणगान करणे खोटेपणाचे होईल. मात्र १९७८ चा फुकासाकूंचा याग्यू घराण्यावरील चित्रपट पाहिला, की हाच माणूस ऐतिहासिक भूमिका किती भारदस्तपणे पेलू शकत होता तेही कळते.

संस्थेला पुढे उतरती कळाही लागली. १९९० मध्ये चिबांनी स्वतः दिग्दर्शन करून मोठा चित्रपट काढला. तो अपेक्षेप्रमाणे चालला नाही, आणि १९९१ मध्ये, एकवीस वर्षे वाढवलेली संस्था त्यांच्या हातून गेली. शिक्षकाला याहून मोठे दुःख नसावे. पण तालमीची गंमत अशी, की वास्तू गेली तरी अंगात मुरलेली विद्या जात नाही. संस्था नाव बदलून चालू राहिली. जपानी मुलांच्या मालिकांत रंगीत मुखवटे घालून लढणारे वीर बहुतांशी याच तालमीचे. ती दृश्ये घेऊन अमेरिकेत १९९३ मध्ये ‘पॉवर रेंजर्स’ तयार झाली आणि केबलवाटे आपल्या घरांतही पोहोचली. आपली मुले सोफ्यावरून उड्या मारीत ज्यांची नक्कल करीत होती, ते मुखवट्याआडचे निनावी लोक म्हणजे चिबांच्या शिष्यांची परंपरा.

२००३ मध्ये क्वेंटिन टॅरेंटिनो या अमेरिकी दिग्दर्शकाने ‘किल बिल’मध्ये चिबांना भूमिका दिली. तलवारी घडवणे सोडून उपाहारगृह चालवणारा म्हातारा कारागीर, हात्तोरी हान्झो. चित्रपटातील नटांना तलवार शिकवण्याचे कामही चिबांनीच केले. पडद्यावर आणि पडद्यामागे, दोन्हीकडे वस्तादच.

आता एका शिष्याची गोष्ट. १९६६ मध्ये चिबांच्या एका चित्रपटात पाच वर्षांचा मुलगा त्यांचा मुलगा म्हणून उभा राहिला होता. शाळकरी वयातच तो चिबांच्या तालमीत आला. हाच हिरोयुकी सनादा. शिनिची आणि सनादा ही दोन्ही नावे जपानी लिपीत लिहिली, तर दोहोंचे पहिले अक्षर एकच येते. त्याचा अर्थ ‘सत्य’. मारधाडीत तयार झालेल्या या नटाने १९९९ मध्ये इंग्लंडच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीत ‘किंग लिअर’मधला विदूषक साकारला, तोही इंग्रजीतून. आणि २०२४ मध्ये ‘शोगुन’ या अमेरिकी मालिकेतील भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला. मालिकेचा तो निर्माताही होता. जपानी वेश, तलवार, बसणे-उठणे अस्सल असावे म्हणून तो झटला. मालिकेतील बहुतांश संवाद जपानी भाषेतच राहिले, आणि तरीही त्या एका वर्षात तिने १८ एमी पटकावले. दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून आपली भाषा सांभाळणे काय असते, हे आपल्या भागातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

तो सोहळा पाहायला चिबा नव्हते. ज्या किमित्सूत लहानपण गेले, तिथल्याच रुग्णालयात तीन वर्षांपूर्वी त्यांनी शेवटचा श्वास घेतला होता.

हे सारे वाचल्यावर मी कपाटातून ती जुनी नोंदवही काढली. तो मुलगा आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. तेव्हा त्याला मल्लखांबापाशी उभे करून ‘बाबा रे, तुला चढता येणार नाही, पण धाकट्यांना कसे पडायचे ते तू शिकव’ एवढे तरी मी म्हणू शकलो असतो. ते वाक्य त्या वेळी सुचले नाही. यंदाच्या वहीत मात्र शेऱ्याच्या रकान्यापुढे आणखी एक रकाना आखून घेतला आहे : ‘पुढे काय?’ तो कोरा ठेवायचा नाही, असे क्रीडाशिक्षकांना बजावले आहे.