पहार, सुरुंग आणि कपाळामागचा ब्रेक

चिंचवडहून मुंबईकडे जाताना लोणावळ्याच्या पुढे बोगदे लागतात ना, ते दीडशे वर्षांपूर्वी सुरुंग लावून फोडलेत. माणसाचा स्वभाव मेंदूत नेमका कुठे बसतो, याचा पहिला मोठा पुरावाही सुरुंगाच्याच कामातून मिळाला, तिकडे अमेरिकेत.

१३ सप्टेंबर १८४८. व्हर्माँट राज्य, कॅव्हेंडिश गाव. फिनियस गेज, वय २५, रेल्वेच्या कामावर मुकादम. खडकाच्या भोकात दारू भरून पहारीने ठासायची, हे रोजचंच. त्या दिवशी ठिणगी पडली आणि बार उडाला. मीटरभराहून लांब, ६ किलोची पहार डाव्या गालाच्या हाडाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. थोड्याच वेळात गडी चक्क बोलायला लागला, बैलगाडीत बसून मुक्कामाला आला. पुढे जखम चिघळली, पण डॉ. जॉन हार्लोने पू काढून त्याला वाचवलं. पेनिसिलिन तेव्हा कुठलं! आपल्या पिंपरीतला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ चा.

गेजची बुद्धी, आठवण, बोलणं शाबूत होतं. पण हिशोबी, शांत मुकादम आता शिवराळ आणि हट्टी झाला. बेत आखायचा आणि सोडून द्यायचा. हा पूर्वीचा गेज राहिलाच नाही, असं ओळखीचे म्हणायचे. हार्लोने हे सविस्तर छापलं ते १८६८ मध्ये. कंपनीने मुकादमकी परत दिली नाही.

कपाळामागचा हा भाग म्हणजे मर्ज करण्याआधीचा रिव्ह्यू. राग, मोह दुसरीकडून येतात. परिणाम काय होईल ते बघून 'थांब' म्हणायचं काम याचं.

आता आपला बोरघाट. काम १८५६ ला सुरू, १८६३ ला पूर्ण. २५ बोगदे, तीच दारू, तीच ठासणी, आणि १८६१ च्या सुमारास ४२ हजारांपर्यंत मजूर. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, त्याच्या बायकोने, ॲलिसने, काम पुढे नेलं. ही नावं इतिहासात आहेत. पण डोक्याला मार लागून जगलेला एखादा मजूर गावी परतला असेल, तर 'बाहेरचं लागलंय' यापलीकडे त्याच्या वाट्याला काय आलं असेल? त्याच्याजवळ हार्लो नव्हता.

गेजच्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र बहुतेक जण सांगतच नाहीत, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. १८५२ पासून तो चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, प्रवाशांशी रोजचं बोलणं. या शिस्तीमुळेच तो बराच सावरला असावा, असं अभ्यासक माल्कम मॅकमिलन मांडतात. १८६० मध्ये तो फिट्स येऊन गेला.

चाकण रोडवर बाइकवरून पडलेल्या पोराचे टाके महिन्याभरात सुकतात. नंतर तो घरात आदळआपट करतो, पैसे उधळतो, शिफ्ट बुडवतो. आणि लोक म्हणतात, माज आलाय. असं कुणी ओळखीत असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, आणि सोबत त्याच्या आईला किंवा बायकोला घ्या. आपण बदललोय हे त्याला स्वतःला बरेचदा कळतच नाही.