पाडण्याआधी पडणे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत जाहिराती गळू लागतात. त्यांत कराटे-ज्युदोच्या वर्गाची एक तरी हमखास असते. हवेत झेप घेतलेल्या मुलाचे चित्र आणि त्याखाली तीन शब्द : शिस्त, आत्मविश्वास, चारित्र्य. काही वर्षांपूर्वी अशीच एक जाहिरात वाचून माझ्या बहिणीने आपल्या मुलाला एका वर्गात घातले. पहिल्या पंधरवड्यातच एका थोराड मुलाने त्याला आपटले आणि भाचा खांद्याजवळचे हाड मोडून घरी आला. मी चौकशीला गेलो, तेव्हा तिथले शिक्षक शांतपणे म्हणाले, "सर, सहन करायला शिकलं पाहिजे. माणूस असाच घडतो."

मी मराठी शिकवणारा माणूस. त्या जागी बोलण्याचा अधिकार आपला नव्हे, असे वाटून परत आलो. परंतु ते वाक्य मनातून गेले नाही. युद्धकलेच्या शिक्षणाने चारित्र्य घडते, हे विधान आपण फार सहजपणे करतो. ते ज्याने आधुनिक काळात सर्वांत आग्रहाने आणि विचारपूर्वक मांडले, त्याला त्यातून नेमके काय म्हणायचे होते? आणि पुढच्या इतिहासाने त्या विधानाचे काय केले? या दोन प्रश्नांचा मागोवा घेता घेता मी कानो जिगोरो या जपानी शिक्षकापाशी पोचलो.

कानोचा जन्म १८६० चा, कोबेजवळच्या मिकागे गावी, साके नावाचे मद्य गाळणाऱ्या सधन घराण्यातला. उंची सव्वापाच फुटांहूनही कमी. तोक्योच्या वसतिगृहात दांडगट मुलांनी छळल्यामुळे जुजुत्सु शिकण्याची ओढ त्याला लागली. पण तो काळ त्या विद्येच्या पडतीचा होता. १८६८ च्या सत्तांतरानंतर सामुराई वर्गाचा आधार सुटत गेला आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली. जुजुत्सुचे कित्येक जुने वस्ताद मोडलेली हाडे बसवून पोट भरू लागले. अशाच हाडवैद्यांकडे चौकशी करीत करीत कानोने १८७७ च्या सुमारास फुकुदा हाचिनोसुके यांना गाठले. फुकुदांची शिकवण्याची रीत जुनी. एखादा डाव कसा बसतो असे विचारले, की ते उत्तर देण्याऐवजी शिष्याला पुन्हा पुन्हा आपटत. सरावाने कळेल, एवढेच त्यांचे म्हणणे. कानोने तो सराव निष्ठेने केला. मात्र 'कसे' आणि 'का' हे प्रश्न सोडले नाहीत. वरचढ ठरणाऱ्या एका सहाध्यायाला हरवण्यासाठी तो ग्रंथालयात गेला आणि पाश्चात्त्य कुस्तीवरच्या पुस्तकातून एक डाव शोधून काढला. प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा हा डाव आपल्या तालमीतल्या कलाजंगाचा भाऊबंद शोभेल.

१८८२ मध्ये, विद्यापीठातून बाहेर पडून वर्षही होते न होते, तोच कानोने तोक्योतल्या एइशो-जी या बौद्ध मंदिरात स्वतःची शाळा उघडली. नाव कोदोकान. जागा बारा तातामींची, म्हणजे जेमतेम दोनशे चौरस फूट. पहिल्या वर्षीचे विद्यार्थी नऊ. आपल्या विद्येला त्याने 'जुजुत्सु' न म्हणता 'ज्युदो' म्हटले. 'जुत्सु' म्हणजे कसब आणि 'दो' म्हणजे मार्ग. 'जु' म्हणजे लवचीकपणा, नमते घेण्यातली शक्ती. पुरात लव्हाळ्याचे काय होते, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको.

नाव बदलल्याने विद्या बदलत नाही. कानोने केलेला खरा बदल अधिक साधा आणि अधिक खोल आहे. जिवावर बेतणारे प्रहार आणि घातक पकडी त्याने मुक्त सरावातून वगळून ठरावीक आकृतिबंधांपुरत्या ठेवल्या, आणि दोघांनी मोकळेपणाने झुंजण्याच्या सरावाला शिक्षणाचा गाभा मानले. असा सराव रोज शक्य व्हायचा, तर पडणारा सुखरूप उठला पाहिजे. म्हणून नवख्या विद्यार्थ्याने प्रथम शिकायचे ते पाडणे नव्हे, पडणे. याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठीची कमान करायची आणि अंग टेकताक्षणी हाताने जमिनीवर जोराने थाप मारायची. त्याने आघात विखुरतो आणि डोके वाचते.

मराठी माणसाला यातले वेगळेपण चटकन जाणवावे. आपल्याकडे पाठ मातीला लागली की कुस्ती संपली; 'चीतपट', 'अस्मान दाखवणे' हे शब्द तालमीतून भाषेत आले ते पराभवाचा शिक्का घेऊनच. अर्थात फडातली कुस्ती वेगळी आणि तालमीतली वेगळी. हौद्यातली माती रोज उकरून, ताक-तेल-हळद घालून मऊ केली जाते ती पडणाऱ्यासाठीच, आणि चांगला वस्ताद नवख्या पोराला बेताचीच जोड देतो. आपल्या वस्तादांनी जी समज मातीत मुरवली, तिला कानोने पाठ्यक्रमाचे पहिले पान केले, असे म्हणता येईल. जो दिवसातून पन्नासदा पडून पन्नासदा उठतो, त्याच्या लेखी हरणे ही अब्रूची बाब उरत नाही. ती माहिती होते. आपला तोल कोठे गेला, हे ती सांगते.

याची दुसरी बाजू पाडणाऱ्याकडे आहे. ज्युदोत फेक केल्यावर प्रतिस्पर्ध्याची बाही सोडून द्यायची नसते. ती किंचित वर ओढून धरायची, म्हणजे पडणाऱ्याचे अंग वळते आणि डोके आपटत नाही. ज्याला आपण पाडतो आहोत, त्याला सुखरूप खाली पोचवण्याची जबाबदारी आपलीच. १९२२ मध्ये कानोने आपल्या विचाराची दोन सूत्रे जाहीर केली : शक्तीचा सर्वोत्तम उपयोग, आणि स्वतःची व दुसऱ्याची मिळून उन्नती. यातले दुसरे सूत्र ऐकायला सुविचाराच्या फलकासारखे वाटते. पण त्या धरून ठेवलेल्या बाहीकडे पाहिले, की ते सूत्र उपदेशातून नव्हे तर हातातून आले आहे, हे उमगते.

कानो हा पेशाने शिक्षक होता, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्याने मध्ये खंड पडत का होईना, वीसहून अधिक वर्षे सांभाळले. १८८९ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत दिलेल्या व्याख्यानात त्याने ज्युदोची तीन अंगे सांगितली : शरीरशिक्षण, झुंज आणि शीलसंवर्धन. चिनी विद्यार्थ्यांसाठी त्याने काढलेल्या विद्यालयात १९०२ मध्ये एक तरुण जपानी शिकायला आला. पुढे तो लू शुन या नावाने आधुनिक चिनी साहित्याचा अग्रणी ठरला. त्याआधी, १८९३ मध्ये, कानोने नात्सुमे सोसेकी या नवपदवीधराला इंग्रजी शिकवायला बोलावले होते. शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून उभे राहिले पाहिजे, अशी कानोची अपेक्षा. ते आपल्याला झेपणार नाही, असे सोसेकीने सरळ सांगून टाकले. त्यावर, इतक्या प्रामाणिकपणे नकार देणारा माणूसच मला हवा, असे म्हणून कानोने त्याला ठेवून घेतले. ही आठवण सोसेकीने १९१४ च्या एका व्याख्यानात सांगितली आहे. शील म्हणजे काय, याची कानोची कल्पना मला त्याच्या सूत्रांपेक्षा या प्रसंगात अधिक स्पष्ट दिसते. समोरच्याचा नकार त्याने अपमान मानला नाही; त्या नकाराच्या जोराचाच उपयोग करून घेतला. हा ज्युदोतलाच डाव, फक्त कार्यालयात टाकलेला.

हिंदुस्थानात हे बीज रवींद्रनाथांनी नेले. १९०५ मध्ये सानो जिन्नोसुके आणि १९२९ मध्ये कोदोकानचे ताकागाकी शिन्झो हे शिक्षक शांतिनिकेतनात आले. मुलांबरोबर मुलीही शिकल्या. कलकत्त्यात त्यांची प्रात्यक्षिके झाली, तेव्हा संकोच आणि भय टाकून देण्याविषयी रवींद्रनाथांनी खास गीत रचले.

येथवरची कथा कोणत्याही जाहिरातीला शोभेल. पण इतिहास येथे थांबत नाही. १९३१ मध्ये जपानच्या माध्यमिक शाळांत ज्युदो किंवा केंदो सक्तीचे झाले. ही विद्या शाळेत यावी, असे कानोलाही वाटत होते. पण ज्या काळात ती आली, तो काळ मांचुरियावरील आक्रमणाचा होता. पडून उठण्याचे शिक्षण हळूहळू न उठणाऱ्यांच्या गौरवाकडे वळले. शिस्तीचा अर्थ आज्ञापालन झाला आणि सहनशक्तीचा अर्थ प्रश्न न विचारणे. तोक्योला १९४० चे ऑलिंपिक मिळावे म्हणून झटणारा कानो १९३८ च्या मे महिन्यात, कैरोच्या बैठकीहून परतताना बोटीवरच वारला. दोनच महिन्यांनी जपानने ते ऑलिंपिक सोडून दिले. तीच चटई, त्याच फेकी, तेच वाकून नमस्कार. आणि घडलेले चारित्र्य मात्र निराळे. १९४५ मध्ये पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शाळांतून ज्युदो हद्दपार केला, तो १९५० मध्येच परतू शकला.

या बंदीचा एक धागा अनपेक्षितपणे आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला येऊन मिळतो. ज्युदो बंद झाल्यामुळे जे तरुण कुस्तीकडे वळले, त्यांत इशिई शोहाची हा एक होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात त्याने सुवर्णपदक मिळवले. त्याच गटातले ब्राँझपदक खाशाबा जाधवांचे. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबांना गावोगाव वर्गणी मागावी लागली आणि त्यांच्या कोल्हापूरच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. चारित्र्याचा शोध घ्यायचा, तर तो आखाड्याबाहेरच्या त्या गहाणखतातही घ्यावा लागेल. विद्या एकटी माणूस घडवीत नाही. तिच्याभोवतीची माणसे घडवतात.

युद्धोत्तर जपानचा अनुभवही हेच सांगतो. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये डच खेळाडू आंतोन खेसिंक याने खुल्या गटात जपानच्या कामिनागाला हरवले. त्याचे देशबांधव आनंदाने चटईकडे धावले, तेव्हा खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर जल्लोष नको म्हणून खेसिंकने हात उंचावून त्यांना थोपवले. सभागृहाला पराभवाइतकाच हा हातही लक्षात राहिला. उलट याच जपानमध्ये १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांतल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुले दगावली. त्यांत डोक्याला मार लागून गेलेली, नवखी मुले पुष्कळ. शिक्षणाचे अभ्यासक उचिदा र्‍यो यांनी ही आकडेवारी संकलित करून लोकांसमोर आणली, आणि मृत मुलांच्या आईबापांनी संघटना उभारली. ज्या फ्रान्समध्ये ज्युदो शिकणारे जपानपेक्षाही जास्त, तेथे शिकवण्यासाठी १९५५ पासून सरकारी पात्रता लागते. मृत्यूंची अशी मालिका तेथे नव्हती. २०१३ च्या आरंभी तर राष्ट्रीय संघाच्या पंधरा महिला खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध केलेली तक्रार उघड झाली आणि मुख्य प्रशिक्षकाला पायउतार व्हावे लागले. माझ्या मते त्या पंधराजणींनीच त्या दिवशी कानोची परंपरा राखली. २०२२ मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. लहानग्यांना काहीही करून जिंकायला लावणे ज्युदोच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे कारण दिले.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट कळते. युद्धकलेने चारित्र्य घडते, हे अर्धे वाक्य आहे. कोणते चारित्र्य घडते, हे त्या कलेतल्या डावांवर ठरत नाही. पडलेल्या माणसाला तिथे कसे वागवले जाते, यावर ठरते. जेथे तो सुखरूप खाली पोचवला जातो आणि हसे न होता उठू शकतो, तेथे मुलगा दोन गोष्टी शिकतो : हरल्याने आपण संपत नाही, आणि जिंकल्याने समोरचा आपला होत नाही. रोजच्या जगण्यात, नोकरीत, संसारात, वादात या दोन गोष्टी पुरतात. जेथे तसे होत नाही, तेथेही चारित्र्य घडतेच. बलवानापुढे गप्प बसायचे आणि दुबळ्याला आपटायचे, हेसुद्धा एक शिक्षणच आहे, आणि तेही जन्मभर पुरते.

भाच्याचे हाड यथावकाश जुळले. तो पुन्हा त्या वर्गात गेला नाही. त्या दिवशी मी काही न बोलता परतलो, याची खंत मात्र आहे. प्रश्न साधाच होता आणि तो विचारायला युद्धकला यावी लागत नाही. उद्या एखाद्या वर्गाच्या दारात आपल्या मुलाचा हात धरून उभे राहाल, तेव्हा पदके किती, पट्टे किती, हे नंतर विचारा. आधी एवढेच विचारा : पहिल्या महिन्यात तुम्ही मुलांना काय शिकवता? आणि मग घटकाभर बाजूला बसून, पाडणाऱ्या मुलाचा हात दुसऱ्याची बाही कधी सोडतो, तेवढे पाहा.