युद्धात सामना झाला, युद्धानंतर मालिका रद्द: सहारा कपचं कोडं

संशोधनाचा प्रश्न सापडत नसेल तर एक करून बघा. एकमेकींशी न पटणाऱ्या दोन तारखा शेजारी ठेवा.

८ जून १९९९. कारगिलमध्ये युद्ध चालू आहे आणि मँचेस्टरला भारत-पाकिस्तान विश्वचषकाचा सामना खेळतायत. भारत ४७ धावांनी जिंकला. जुलैत युद्ध संपलं. पण सप्टेंबरमधली टोरांटोची भारत-पाक मालिका मात्र झालीच नाही. असं का?

ही मालिका म्हणजे सहारा कप. १९९६ ते १९९८ अशी तीन वर्षं, दर सप्टेंबरमध्ये कॅनडात. पहिल्या वर्षी पाकिस्तान ३-२, मग भारत ४-१, मग पाकिस्तान ४-१.

कॅनडाच का? 'घरी राजकारण आडवं येतं म्हणून' हे उत्तर लगेच सुचतं. त्याला आधारही महाराष्ट्रातलाच आहे. मार्च १९८७ मध्ये पाकिस्तानचा संघ पुण्यात नेहरू स्टेडियमवर आणि नागपूरला खेळून गेला होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणली आणि दौरा रद्द झाला.

पण इथेच थांबू नका. १९९७ ची टोरांटो मालिका संपल्यावर काही दिवसांतच भारतीय संघ तीन एकदिवसीय सामने खेळायला पाकिस्तानात गेला. म्हणजे दार पूर्ण बंद नव्हतं. मग दुसरं कारणही तपासावं लागतं: टीव्ही. टोरांटोतली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. उपग्रह वाहिन्या आणि प्रायोजकांना याहून सोयीची वेळ कुठली?

आता १९९९ कडे परत या. त्या सप्टेंबरमध्ये टोरांटोत सामने झालेच. भारत वेस्ट इंडिजशी खेळला आणि पाकिस्तानही वेस्ट इंडिजशीच, पण वेगवेगळं. शहर तेच, महिना तोच, फक्त प्रतिस्पर्धी बदलला. विश्वचषक अनेक देशांचा असतो. तिथे माघार घेतली तर गुण जातात. दोघांचीच मालिका रद्द केली तर गुण जात नाहीत, संदेश मात्र पोचतो. म्हणून 'भारत-पाक क्रिकेट' हा एकच गठ्ठा धरू नका. द्विपक्षीय आणि बहुदेशीय असे दोन गठ्ठे केले की कोडं बरंचसं सुटतं.

हा विषय गावातूनही करता येईल. समजा तुम्ही लोणी काळभोरमध्ये मुलाखती घेताय. 'तेव्हा पाकिस्तानबद्दल काय वाटायचं?' असं थेट विचारलंत, तर आजचं मत ऐकायला मिळेल. त्यापेक्षा 'सामना कुणाच्या घरी बघितला? केबल होती का? रात्री किती वाजेपर्यंत जागलात?' असं विचारा. मिळालेल्या आठवणी त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांशी ताडून बघा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे पेन्सिलीने खूण करा. तुमचा पुढचा प्रश्न बहुधा तिथेच असतो.