पृष्ठवंशी प्राणिशास्त्र संग्रहालय, बर्कली
कॅलिफोर्निया विद्यापीठाचे संशोधन-संग्रहालय. ॲनी अलेक्झांडर यांच्या देणगीतून १९०८ मध्ये स्थापन. पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल. येथे प्रदर्शनदालने नाहीत. कपाटांच्या खणांत कापूस भरलेली कातडी व कवट्या असतात. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव. कातडी सोलून नमुना तयार करणे विद्यार्थी येथेच शिकतात. मात्र ग्रिनेल यांचा सर्वांत मोलाचा वारसा म्हणजे काटेकोर क्षेत्रनोंदवह्या. त्यांच्या आधारे २००३ पासून योसेमिटी परिसराची फेरपाहणी झाली. त्यात तपासलेल्या लहान सस्तन प्राण्यांच्या सुमारे निम्म्या जातींच्या अधिवासाच्या सीमा सरासरी ५०० मी. वर सरकल्याचे आढळले. तापमानवाढीशी सुसंगत असा हा पुरावा जुन्या नोंदींशिवाय हाती आलाच नसता.