तेलबिंदूपासून अल्ब्युमिनपर्यंत: बेंबळीच्या मुलखातील मूत्रपरीक्षा

धाराशिव तालुक्यातील बेंबळी सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या मुलखात मूत्र पाहून रोग ओळखण्याच्या दोन परंपरा शेजारी नांदत होत्या. युनानी पद्धतीत हकीम काचेच्या भांड्यातील मूत्र, म्हणजे कारुरा, उजेडात धरून त्याचा रंग, दाटपणा व गाळ पाहत. आयुर्वेदाच्या ‘योगरत्नाकर’ ग्रंथात चार घटका रात्र उरली असता पहिली धार सोडून मधल्या धारेचे मूत्र घ्यावे व त्यावर गवताच्या काडीने तेलाचा थेंब सोडावा, असे सांगितले आहे. थेंब पसरला तर रोग साध्य, बुडाला तर असाध्य. या भाकिताला आज आधार नाही, परंतु नमुना घेण्याची ती शिस्त विलक्षण म्हटली पाहिजे, कारण मूत्रपिंडाची आरंभीची इजा शोधताना आजही सकाळचे पहिले मूत्रच अधिक भरवशाचे मानले जाते.

मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, ही नोंद चरकसंहितेतच आहे, आणि विसाव्या शतकात बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाने हीच साखर हिरव्यापासून विटकरीपर्यंतच्या रंगांत दाखवली. मूत्रपिंडाची इजा मात्र अशी उघड होत नाही. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या गुच्छांतून अल्ब्युमिन हे प्रथिन आधी अत्यल्प झिरपते, आणि रोग्याला त्या काळात काहीच जाणवत नाही. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये तापवल्यावर गढुळणाऱ्या मूत्राचा मूत्रपिंडाच्या विकाराशी संबंध दाखवला, आणि स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी तापवण्याची ही पद्धत दवाखान्यांत दीर्घकाळ टिकली. पण मधुमेह्याच्या मूत्रातील गढूळपणा स्पष्ट दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असे.

१९६३ मध्ये हॅरी कीन व क्लुवेराकिस यांनी किरणोत्सारी खुणेच्या आधारे अत्यल्प अल्ब्युमिन मोजले, आणि १९८२ मध्ये व्हिबर्टी व सहकाऱ्यांनी अशी गळती असलेल्या रुग्णांत पुढे मूत्रपिंडविकार बळावण्याचा धोका खूप अधिक असतो, असे दाखवले. दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅम ही तिची मर्यादा ठरली. पाणी कमी पडल्यास मूत्र दाट होते, म्हणून एकाच नमुन्यात अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी, म्हणजे स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ द्रव्याशी, प्रमाण काढतात. धाराशिवच्या उन्हात शेतात राबणाऱ्यांसाठी ही दुरुस्ती फार मोलाची आहे. ज्वर किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतानाही अल्ब्युमिन वाढते, त्यामुळे काही महिन्यांत तीनपैकी दोन नमुन्यांत ते वाढलेले आढळल्याशिवाय निदान पक्के करत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही तपासणी निदान होताच व पुढे दरवर्षी व्हावी, असा दंडक असूनही साखरेइतकी ती लोकांच्या अंगवळणी पडलेली नाही, ही खरी उणीव आहे. काही मधुमेह्यांची मूत्रपिंडे अल्ब्युमिन न वाढताही क्षीण होतात, म्हणून मूत्रनलिकांची इजा सांगणाऱ्या एनगॅल व किम-१ या प्रथिनांचा अभ्यास चालू आहे, मात्र नेहमीच्या तपासणीत त्यांना अद्याप स्थान मिळालेले नाही.